चाळीस वर्षांच्या वह्या आणि एका घराचा न जुळणारा हिशेब

पार्श्वभूमी

कुटुंबांच्या खर्चाचं नियोजन करून देण्याच्या कामात एक तक्रार मला वारंवार ऐकू येते: पूर्वी एका पगारात भागायचं, आता दोन पगारांत भागत नाही. बहुतेक वेळा याला आठवणीखेरीज दुसरा पुरावा नसतो. या प्रकरणात तो होता. घरातल्या आजींनी 1980 च्या दशकापासून रोजचा हिशेब लिहून ठेवला होता. 2010 नंतरच्या व्यवहारांची बँकेची विवरणं मुलाकडे होती. एकाच घराचा चाळीस वर्षांचा खर्च असा सलग पाहायला मिळणं दुर्मीळ आहे. म्हणूनच कुटुंबाच्या परवानगीने हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सगळे आकडे हातात येणाऱ्या मिळकतीच्या दर शंभर भागांमागे दिले आहेत, कारण रकमा पाहिल्या की माणूस लगेच भावांची तुलना करायला लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

घरात पाच माणसं आहेत: आजी, आजोबा, मुलगा, सून आणि पंधरा वर्षांची नात. आजोबांच्या आजारपणानंतर आजी-आजोबा मुलाकडे राहायला आले. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, आजोबांना निवृत्तिवेतन आहे. 1984 मध्ये आजींच्या घरात सात माणसं होती: त्या, आजोबा, सासूसासरे आणि तीन मुलं. पगार एकच.

अडचण

दर महिन्याच्या शेवटी क्रेडिट कार्डाची थोडी बाकी उरायची आणि पुढच्या महिन्यात जायची. वर्षभरात ती वाढत गेली. मुलाने एकदा सगळ्यांनी दहा टक्के खर्च कमी करायचा असा नियम केला होता, पण दुसऱ्याच महिन्यात तो बारगळला. मग घरात एकमेकांवर बोट दाखवणं सुरू झालं.

आजींचं म्हणणं स्पष्ट होतं: बाहेरून जेवण मागवणं, वरचेवर कपडे आणि प्रत्येकाच्या हातातला फोन यांतच पैसा जातो. त्या म्हणाल्या, "सात माणसांचं मी एका पगारात करून महिनाअखेरीस चार पैसे मागे टाकत होते. यांना दोन पगार पुरत नाहीत, म्हणजे कुठेतरी गळती आहेच ना?" सून अनेक दिवस गप्प होती. एका बैठकीत ती म्हणाली, "आई, तुम्ही सांगता त्या सगळ्या गोष्टी मी बंद करून पाहिल्या. तरी हिशेब जुळत नाही. मग चूक माझीच आहे असं रोज का वाटून घेऊ?"

दोघींचंही म्हणणं खरं होतं, म्हणून मला या घरात जास्त रस वाटला. आजी गळती शोधत होत्या ती जागा चुकीची होती. पण त्यांचा अनुभव खोटा नव्हता. त्यांच्या काळात गळती खरोखर तिथेच असायची.

वह्या आणि विवरणं समोरासमोर

पहिला निर्णय होता तो कुठली वर्षं घ्यायची याचा. सगळ्या वह्या वाचण्यात महिने गेले असते. एक वर्ष 1984 चं घेतलं, एक 2002 चं आणि एक 2023 चं. लग्न, बाळंतपण किंवा मोठं आजारपण झालेली वर्षं टाळली, कारण अशा एका वर्षाने सगळं चित्र वाकडं होतं. खर्चाची खाती पाडताना संयुक्त राष्ट्रांच्या घरगुती खर्चाच्या वर्गीकरणाचा आधार घेतला. 1999 च्या वर्गीकरणात विमा हा 'संकीर्ण' भागात होता. 2018 च्या सुधारणेत विमा आणि वित्तीय सेवांना स्वतंत्र विभाग मिळाला. आजींच्या वहीत विम्याचं वेगळं पान नव्हतं आणि मुलाच्या विवरणात त्याच्या दरमहा चार नोंदी होत्या. म्हणून मी नवी मांडणी वापरली.

1984 मध्ये शंभरातले 52 अन्नावर जात होते. घरभाडं, इंधन आणि वीज मिळून 14, कपडे आणि पादत्राणं 9, शिक्षण 4, औषधपाणी 3, प्रवास 4, समारंभ आणि देणंघेणं 5, इतर 3. शिल्लक 6.

2023 मध्ये अन्नावर 22 जात होते, त्यांतले 17 घरी शिजवण्याच्या सामानावर आणि 5 बाहेरच्या जेवणावर. घरकर्जाचा हप्ता, देखभाल आणि वीज मिळून 34. शिक्षण 12, आरोग्य आणि विमा 10, गाडी आणि प्रवास 10, फोन, इंटरनेट आणि निरनिराळ्या वर्गण्या (सबस्क्रिप्शन) 4, घरकामाच्या मदतीला 4, कपडे 3, इतर 3. बेरीज 102.

2002 ची वही या दोन टोकांच्या मधली होती. अन्नाचा वाटा उतरायला लागला होता, शिक्षणाचा चढत होता आणि पहिल्यांदाच कर्जाच्या हप्त्याची ओळ दिसत होती.

आजींनी आधी अन्नाचा आकडा पुन्हा तपासायला लावला. 52 चे 22 झाले हे त्यांना पटेना. पण या आकड्यात नवल काहीच नव्हतं. सॅक्सनीच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून दाखवलं होतं की मिळकत वाढते तसा अन्नावरच्या खर्चाचा वाटा कमी होतो. रक्कम वाढू शकते, वाटा घटतो. त्यानंतर देशोदेशी, वेगवेगळ्या काळात हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 1984 मध्ये अन्नावर लक्ष ठेवणं म्हणजे निम्म्या मिळकतीवर लक्ष ठेवणं होतं. आज तीच नजर पाचव्या हिश्श्याच्या आसपास फिरते.

कपडे 9 वरून 3 वर आले आणि शिक्षण 4 वरून 12 वर गेलं, त्याचं कारणही घरातल्यांच्या स्वभावात नव्हतं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी 1966 मध्ये रंगमंचीय कलांचा अभ्यास करताना एक साधी गोष्ट मांडली. वादकांच्या चौकडीला एक रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. कापड विणायला मात्र पूर्वीच्या मानाने फारच थोडं मनुष्यबळ लागतं. यंत्राने होणाऱ्या वस्तू तुलनेने स्वस्त होत जातात. माणसाने माणसासाठी करायची कामं, म्हणजे शिकवणं, शुश्रूषा करणं, सांभाळणं, ही तुलनेने महाग होत जातात. या घराच्या वाढलेल्या खात्यांत शिक्षण, आरोग्य आणि घरकामाची मदत होती. तिन्ही ठिकाणी पैसा माणसाच्या वेळासाठी जात होता.

हे ऐकल्यावर सुनेने जे विचारलं ते या प्रकरणात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. "मग आईंच्या वहीत मुलं सांभाळण्याचे, कपडे शिवण्याचे, आजारी सासऱ्यांचं करण्याचे पैसे कुठे आहेत?"

ते कुठेच नव्हते. ती कामं आजी करत होत्या आणि वहीत त्यांची ओळ नव्हती. अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी 1934 मध्येच घरातल्या कामासाठी एक कसोटी सांगितली होती: जे काम पैसे देऊन दुसऱ्या कोणाकडून करून घेता येईल, ते उत्पादक काम. या कसोटीने पाहिलं तर 1984 चं घर एका पगारावर चालत नव्हतं. ते एका पगारावर आणि एका बाईच्या पूर्ण दिवसाच्या बिनपगारी कामावर चालत होतं. 2023 मध्ये त्यातलं बरंचसं काम विकत घेतलं जात होतं, कारण सून तेवढे तास नोकरीत होती. बाहेरच्या जेवणाच्या 5 मध्येही काही भाग शिजवणाऱ्या हातांचा मोबदला असणार. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा पगार कोणी लिहिलाच नाही." घरातला सूर तिथून बदलला.

माणसं सात होती ती पाच झाली, तर खर्च तेवढ्या प्रमाणात कमी व्हायला हवा, हाही आजींचा मुद्दा होता. घर आणि वीज सामायिक असल्याने तसं होत नाही. लहानमोठ्या घरांच्या तुलनेसाठी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी जी सुधारित मोजपट्टी आहे, तिच्यात पहिला प्रौढ 1, पुढचा प्रत्येक प्रौढ 0.5 आणि चौदा वर्षांखालचं मूल 0.3 धरतात. त्या हिशेबाने जुनं घर 3.4 आणि आजचं 3.0. फरक दिसतो त्याहून फार लहान आहे.

खरी अडचण कुठे सापडली

वाटे पाहून झाल्यावर मी खर्च दुसऱ्या पद्धतीने मांडला. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: हा पैसा जाण्याआधी या महिन्यात कोणी काही ठरवलं का?

1984 मध्ये शंभरातले सुमारे 20 न ठरवता जात होते: भाडं, शाळेची फी, वीज आणि असेच किरकोळ बांधलेले खर्च. बाकी सगळं दर आठवड्याला, कधी रोज, ठरवलं जात होतं. 2023 मध्ये घरकर्जाचा हप्ता 27, शिक्षण 10, गाडीचा हप्ता 6, विमा 4, फोन आणि वर्गण्या 4, घरकामाची मदत 4 आणि आजोबांची नेहमीची औषधं 4 असे जवळपास 60 भाग महिना सुरू होताच बांधलेले असत. त्यातले बहुतेक खात्यातून आपोआप जात.

आजींची काटकसर रोजच्या निर्णयांवर चालणारी होती. 1984 मध्ये असे निर्णय 74 भागांवर होत. तिथे एक दशांश वाचवला की सात भाग हाती येत. 2023 मध्ये मोकळे भाग 42 उरले होते. तेवढंच मन मारून चार भाग वाचले असते आणि बाकीच्या 60 ला धक्काही लागला नसता. मुलाचा दहा टक्क्यांचा नियम याचमुळे टिकला नाही. पाचही माणसांनी रोज स्वतःला आवरायचं आणि फळ एवढंसं दिसायचं.

बांधलेला खर्च ही घराच्या आयुष्यातली निराळीच गोष्ट आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि अ‍ॅडम सायडल यांनी 2007 मध्ये दाखवलं की अशा बांधीलक्या जास्त असलेल्या घराला मिळकतीतला छोटा धक्काही जास्त लागतो, कारण सगळी कपात उरलेल्या थोड्या मोकळ्या खर्चातूनच करावी लागते. या घरात आजोबांच्या औषधांनी नेमका तसा धक्का दिला होता.

एक बाब मात्र दिलासा देणारी होती. 1984 मधली 6 भागांची शिल्लक सगळ्यांना आठवत होती आणि आज शून्य वाटत होतं. घरकर्जाच्या हप्त्यातला सुमारे 40 टक्के भाग आता मुद्दल फेडत होता. शंभरातले जवळपास 11 भाग घराच्या रूपाने साठत होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुद्दलफेड ही बचतच. म्हणजे मुलगा-सून आजींपेक्षा जास्त बचत करत होते. पण रात्री दवाखान्यात जावं लागलं तर भिंतीतली बचत काढता येत नाही. कुटुंबाकडे मालमत्ता होती आणि रोकड नव्हती.

कोणते मार्ग तोलले

आजींना डब्यांची पद्धत परत आणायची होती. पगाराच्या दिवशी रोख काढून प्रत्येक खर्चाचा वेगळा डबा करायचा, डबा रिकामा झाला की तो खर्च थांबला. मी या पद्धतीचा आदर करते. रिचर्ड थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी 1985 मध्ये मांडलेल्या मनातल्या खात्यांच्या, म्हणजे पैसा मनात वेगवेगळ्या कामांना वाटून ठेवण्याच्या, कल्पनेचं हे जिवंत उदाहरण आहे. कार्डाने पैसे देताना माणूस जास्त मोजायला तयार होतो, हे संशोधक ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 मध्ये लिलावाच्या प्रयोगातून दाखवलं आहे. त्यामुळे रोखीचा डबा मोकळ्या खर्चाला आवर घालतो. पण 60 भाग डब्यापर्यंत पोहोचतच नव्हते, त्यामुळे नुसत्या डब्यांवर भागणार नव्हतं.

मुलाचा कल कर्जाची मुदत वाढवण्याकडे होता. अकरा वर्षं उरली होती, ती अठरा केली की हप्ता 27 वरून 21 वर येत होता. एका सहीत सहा भाग मोकळे. पण एकूण भरणा सव्वापटीहून जास्त होत होता, आणि शेवटची काही वर्षं मुलाच्या निवृत्तीनंतरची होती. अर्थशास्त्रज्ञ फ्रँको मोदिग्लियानी आणि रिचर्ड ब्रुमबर्ग यांनी 1954 च्या सुमारास मांडलेला आयुष्यक्रमाचा विचार इथे उपयोगी पडला: माणूस कमावत्या वर्षांत साठवतो आणि नंतरच्या वर्षांत ते वापरतो. मुदत वाढवणं म्हणजे वापरण्याच्या वर्षांवर फेडीचं ओझं टाकणं. मी स्पष्टपणे विरोधी मत दिलं. नोकरी जाणं किंवा मोठं आजारपण असं संकट येईल तेव्हासाठी हा मार्ग राखून ठेवावा, आज तो खर्ची घालू नये.

लहान घरात जाण्याचा विचार सुनेने मांडला. आकड्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत प्रभावी होता. पण आजोबांचे डॉक्टर जवळ होते, नातीची शाळेची शेवटची वर्षं होती, आणि घर विकून दुसरं घेण्याचा खर्च काही महिन्यांची बचत खाऊन टाकणारा होता. विचार सोडला नाही, पुढे ढकलला.

गाडी विकायची का, यावर सर्वांत जास्त वाद झाला. मुलाला बढती मिळाली त्याच वर्षी ती घेतली होती. अर्थशास्त्रज्ञ जेम्स ड्यूझेनबेरी यांनी 1949 मध्ये लिहिलं होतं की घरं आपल्या आधीच्या सर्वांत चांगल्या वर्षाशी तुलना करत खर्च करतात, त्यामुळे खर्च वर जातो तेवढ्या सहजपणे खाली येत नाही. गाडीच्या बाबतीत ते तंतोतंत लागू होतं. ती गेली तर आपण मागे गेलो, असं मुलाला वाटत होतं. त्याने ते लपवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं.

शेवटचा मार्ग होता आजी-आजोबांच्या ठेवीतून कार्डाची बाकी फेडण्याचा. कार्डाचं व्याज ठेवीच्या व्याजाच्या कितीतरी पट होतं, म्हणून गणित सोपं होतं. आजोबा लगेच तयार झाले. आजी नाही म्हणाल्या, आणि त्यांच्या नकाराला वजन होतं. ती ठेव त्या दोघांच्या म्हातारपणाची होती. मुलावर प्रेम आहे म्हणून म्हातारपणाचा आधार मोकळा करून देणारे पुष्कळ आईवडील मी पाहिले आहेत. नंतर स्वतःच्या औषधासाठी मागताना त्यांना अवघड होतं. म्हणून इथे नुसत्या गणितावर निर्णय घ्यायचा नाही, असं मी सुचवलं.

काय केलं

ठेवीतून फक्त कार्डाच्या बाकीएवढी रक्कम घेतली, आणि ती उसनी म्हणून, लेखी, दरमहा परतफेडीच्या अटीवर. "माझ्याच मुलाकडून लिहून घ्यायचं?" असं आजींना आधी वाटलं. सुनेनेच समजावलं: "आई, लिहिलेलं असलं की तुम्हाला मागावं लागणार नाही." कार्डाची मर्यादा बँकेकडून कमी करून घेतली.

गाडी विकली. तिचा हप्ता आणि वापराचा खर्च मिळून 8 भाग जात होते. लागेल तेव्हा भाड्याचं वाहन घेण्याला 3 लागायला लागले. निव्वळ 5 वाचले. विक्रीत तोटा झाला, तो मान्य करून पुढे गेलो.

विम्याच्या दोन पॉलिसी एकाच जोखमीवर होत्या, त्यातली एक बंद केली. वर्गण्यांची यादी नातीने केली. त्यातल्या काही कोणीच वापरत नव्हतं. दोन्ही मिळून 2 भाग.

घरकामाच्या मदतीवरून पुन्हा ताण आला. आजी म्हणाल्या, मी घरीच असते, बाई कशाला हवी. चार भाग एका झटक्यात वाचले असते. मी ठाम नको म्हटलं. ज्या श्रमाची चाळीस वर्षांत कुठे नोंद झाली नाही, तोच श्रम सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या अंगावर पुन्हा टाकून हिशेब जुळवायचा, हे मला मान्य होण्यासारखं नव्हतं. मुलाने आणि सुनेनेही तेच म्हटलं. मदत चालू राहिली.

मोकळ्या 42 भागांतल्या निवडक खर्चांसाठी डबे आले. ते आजी आणि नात मिळून चालवतात. ही जोडी मुद्दाम निवडली. नातीने आजवर घरातून पैसा जाताना पाहिलाच नव्हता, फक्त वस्तू येताना पाहिल्या होत्या. डब्यातल्या नोटा मोजताना ती जे प्रश्न विचारते, ते आम्ही कोणी विचारले नव्हते.

आणि बांधलेल्या प्रत्येक खर्चापुढे फेरविचाराची तारीख लिहिली. ती तारीख आली की तो खर्च चालू ठेवायचा की नाही, हे नव्याने ठरवायचं. नवी बांधीलकी घ्यायची असेल तर आधी कुठली सुटणार हे लिहायचं.

परिणाम

दीड वर्षाने बेरीज 102 वरून 96 वर आली. गाडीचे 5, विमा आणि वर्गण्यांचे 2, कार्डाच्या व्याजाचा 1 असे 8 भाग सुटले. आजोबांची औषधं वाढली, त्यात 2 गेले. उरलेल्या 4 पैकी 2 ठेवीच्या परतफेडीला आणि 2 अडचणीच्या वेळच्या रोख निधीला जातात. हा निधी अजून लहान आहे. एका महिन्याचा पूर्ण खर्चही त्यातून निघणार नाही.

सगळं जमलं असं नाही. बाहेरच्या जेवणाचा डबा पहिले काही महिने चालला, मग सुनेच्या कामाचा ताण वाढला तसा तो आकडा पुन्हा 5 वर गेला. मी तो तिथेच राहू द्या असं सांगितलं. मुलगा विवरणं पाहायचं टाळतो, ते काम सुनेकडे आणि नातीकडे गेलं आहे. पूर्वी एकट्या आजींवर असलेलं काम दुसऱ्या पिढीत पुन्हा बायकांकडेच आलं, हे मला खटकतं, आणि ते मी मुलाला सांगितलं आहे.

सर्वांत मोठा बदल शंभर भागांत कुठेच दिसत नाही. आजींना दोन वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. श्रवणयंत्र घ्यायला सांगितलं होतं, पण त्याची किंमत ऐकून त्यांनी ते टाळलं होतं आणि घरात कोणाला नीट सांगितलंही नव्हतं. त्यांच्या मनातले भाव जुन्या वहीतले होते. महागाई वर्षाला 7 टक्के असेल तर भाव साधारण दहा वर्षांत दुप्पट होतात, म्हणजे चाळीस वर्षांत साधारण पंधरा-सोळापट. त्या किंमतीला सोळाने भागून मी त्यांना तो आकडा 1984 च्या वहीतल्या पगाराशेजारी लिहून दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं तर मी तेव्हाही केलं असतं, सासऱ्यांसाठी." यंत्र ठेवीच्या व्याजातून घेतलं. गेल्या दोन वर्षांतल्या किती भांडणांत अर्धं वाक्य ऐकू न आल्याचा भाग होता, हे घरच्यांना त्यानंतर उमगलं.

वेगळं काय करता आलं असतं

गाडीचा निर्णय बढतीच्या वर्षी न घेता वर्षभर थांबून घेतला असता, तर वाढलेला पगार आधी निधीत गेला असता आणि औषधांचा खर्च आला तेव्हा कार्ड लागलंच नसतं. मिळकत वाढते त्याच महिन्यात तिला हप्ता जोडण्याची घाई मला हल्ली बहुतेक घरांत दिसते. या घरापुरतं बोलायचं तर सगळी अडचण त्या एका निर्णयापासून मोजता येते.

आजी-आजोबा राहायला आले, तेव्हा पैशाविषयी बोलणंच झालं नाही. आजोबांच्या निवृत्तिवेतनातला किती भाग घरखर्चात येणार आणि औषधं कोणाच्या खात्यातून जाणार, हे संकोचापोटी कोणी विचारलं नाही. पहिल्याच महिन्यात एक बैठक झाली असती, तर आजींनी दुरून गळती शोधायची आणि सुनेने गप्प राहून सोसायचं, ही वेळ आली नसती.

लहान घराचा विचार पुढे ढकलला, त्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. त्या वेळी आजोबांची तब्येत पाहता निर्णय बरोबर वाटला. पण 27 भागांचा हप्ता तसाच आहे आणि घराचा कस तिथेच लागणार आहे. नातीचं शालेय शिक्षण संपलं की फेरविचाराची तारीख येते. त्याच सुमारास तिच्या उच्च शिक्षणाचा खर्चही सुरू होईल. सुनेने त्या पानावर आत्ताच दोन आकडे लिहून ठेवले आहेत: घर तसंच ठेवलं तर शिक्षणासाठी उरणारे भाग, आणि घर बदललं तर उरणारे. आजींनी खाली तिसरी ओळ घातली आहे, उसन्या ठेवीतले तोवर परत आलेले भाग, आणि तिच्यापुढची जागा अजून रिकामी आहे.